केडगावच्या बँडमधला बराका

बराकाला नुसतं "काय, कुठं निघालास?" असं विचारून पुढे जाता येत नसे. ओळखीचा माणूस समोर आला की तो थांबायचा, हातातलं सामान खाली ठेवायचा आणि सुरू करायचा, "रामराम. घरचं बरं हाय का? आई बरी हाय? गुरंढोरं? पानीपाऊस?" सगळ्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय तो कामाचं बोलत नसे. समोर कॉलेजचा शिपाई असो की अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्याला फरक पडत नसे. एकदा एस.टी.च्या दारात उभं राहून त्यानं कंडक्टरला हे सगळं विचारलं. कंडक्टर घंटीची दोरी धरून ओरडला, "आरं चढ की बाबा आधी!" त्यावर बराका शांतपणे म्हणाला, "जिथं घाई, तिथं बराका न्हाई."

त्याच्या स्वाहिली भाषेत बरकतीला 'बराका'च म्हणतात, आणि घाईत बरकत नसते अशी तिकडे म्हण आहे. ती त्यानं स्वतःच्या नावासकट मराठीत आणली होती.

तो टांझानियाचा. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास नगरच्या आमच्या कॉलेजात बी.कॉम.ला होता आणि वसतिगृहात माझ्या खोलीत राहायचा. उंच, सडपातळ, हसला की खांदेसुद्धा हसायचे. मराठी तो आम्हा तिसगाव-पाथर्डीकडच्या पोरांकडून शिकला, त्यामुळे जशी आम्ही बोलायचो तशीच त्याची झाली. एका प्राध्यापकांनी त्याला "'हाय' नव्हे, 'आहे' म्हणावं," असं समजावलं, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "सर, तुमी एकटंच म्हनता तसं. बाकीचं गाव 'हाय' म्हनतं."

दुसऱ्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाची नोकरी गेली आणि घरून येणारे पैसे थांबले. आम्ही पोरांनी ठरवलं की, आळीपाळीनं त्याला आपल्या ताटात घ्यायचं. दोन दिवस तो जेवला. तिसऱ्या दिवशी ताटावर बसेना. म्हणाला, "आमच्याकडं म्हनत्यात, पाव्हना दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या." आणि खरंच काम शोधायला बाहेर पडला.

संध्याकाळी परतला तो नगरजवळच्याच केडगावच्या हरिभाऊ मास्तरांच्या बँडमध्ये नोकरी मिळवूनच. गावाकडच्या मिशनच्या शाळेत तो ट्रम्पेट वाजवायचा, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. हरिभाऊंनी त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, "वाजिवता येतं का?" यानं उत्तरादाखल शाळेतली एक प्रार्थना वाजवली. हरिभाऊ म्हणाले, "दम चांगला हाय. पन ह्यानं नवरदेव रडंल. जरा नाचायजोगं शिक." आठवडाभरात तो नाचायजोगं शिकला. लाल डगला त्याला आखूड पडायचा, मनगटं बाहेर यायची. पण त्या डगल्यात तो असा चालायचा की डगलाच त्याच्या मापाचा आणि बाकीच्यांचे ढगळ वाटावेत.

त्या उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न तिसगावला होतं आणि बँड हरिभाऊंचाच ठरला होता. मिरवणूक वेशीपाशी आली आणि घोटाळा झाला. सगळं गाव बराकाभोवती. बाया माडीवरून त्याच्याकडे बोट दाखवतायत, म्हातारे काठी टेकत जवळ येतायत आणि घोड्यावरच्या नवरदेवाकडे कुणी ढुंकून बघत नाही. नवरदेवानं तोंड फुगवलं. त्याचा बाप आमच्या चुलत्यांवर कडाडला, "आमचा मान ठेवायचा न्हाई तर बोलावलं कशाला? आमी माघारी जातो!" चुलत्यांचा चेहरा उतरला. आता हे लग्न मोडतंय, असंच मला वाटलं.

बराकानं ट्रम्पेट तोंडावरून काढलं. घोड्यापाशी जाऊन नवरदेवाला म्हणाला, "रामराम पाव्हनं. घरचं बरं हाय का? गुरंढोरं?" मग गर्दीकडे वळून खणखणीत आवाजात ओरडला, "आवो, नवरदेव हिकडं हाय! मी भाड्यानं आनलेला हाय!"

त्यावर जो हशा उसळला त्यात व्याही हसले, चुलते हसले, घोड्यावरचा नवरदेव तर बाशिंग सावरत हसला. पुढची सगळी मिरवणूक बराका घोड्याच्या मागे राहून वाजवत चालला. रात्री नवरदेवानं त्याला आपल्या पंगतीत बसवून घेतलं.

पण ही गोष्ट गावोगाव पसरली आणि नगरच्या पोलीस कचेरीपर्यंतही पोचली. परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या फौजदारांनी त्याला बोलावलं. हरिभाऊंनी वाटेत दहादा पढवलं, "हौसेनं वाजिवतो, म्हनायचं. पैशाचं नाव काढायचं न्हाई." ते बाहेर थांबले, मी बराकाबरोबर आत गेलो.

"रामराम साहेब. घरचं बरं हाय का? गुरंढोरं?"

"म्हैस व्याली परवा," फौजदार बोलून गेले आणि मग स्वतःवरच चिडून त्यांनी आवाज चढवला. "बँडमध्ये वाजवतोस?"

"व्हय साहेब."

"पैसे घेतोस?"

बराकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "व्हय साहेब. जेवन बी घेतो."

फौजदारांनी समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाले, "तुला या देशात शिकायला राहू दिलंय, वाजवायला नाही. आजपासून बंद. पुन्हा बँडात दिसलास तर परत पाठवावं लागेल. काम करायचंच असेल तर प्राचार्यांमार्फत रीतसर अर्ज कर आणि परवानगी येईपर्यंत थांब."

बाहेर आल्यावर हरिभाऊंनी कपाळावर हात मारला. "खरं कशाला बोललास रं?"

"त्यांनी मला म्हशीचं खरं सांगितलं, मास्तर," बराका म्हणाला. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याचे खांदे हसले नाहीत. परीक्षेला वर्ष होतं, आणि परत पाठवलं तर भावानं आजवर केलेलं सगळं वाया जाणार होतं.

अर्ज गेला. परवानगी लवकर येईना. त्या दिवसांत त्याला सांभाळलं ते हरिभाऊंच्या बायकोनं, चंद्राबाईंनी. त्यांनी निरोपच धाडला, "जेवायला हितं यायचं." तो गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून घागर घेऊन विहिरीवर. दुष्काळाचे दिवस, विहीर लांब, पाणी तळाला. चंद्राबाई आडव्या आल्या, "ठिव ती घागर! लोक म्हनतील, कालेजातल्या पोराला पानी भरायला लावलं."

"मावशी, तुमच्या घरचं पोरगं पानी भरत न्हाई का?"

चंद्राबाईंना मूल नव्हतं. आडव्या आलेल्या त्या बाजूला झाल्या. पुढे आळीतल्या बायका विहिरीवर विचारू लागल्या, "चंद्रे, तुझा ल्योक आला न्हाई का आज?"

पावसाळा कोरडाच सरत आला तेव्हा परवानगी आली. काम फक्त कॉलेजात, संध्याकाळी, ग्रंथालयात. तिथेही पुस्तक मागायला येणाऱ्याला आधी आईची खुशाली सांगावी लागे. रांग लांबायची, ग्रंथपाल कुरकुरायचे, पण मुलं त्याच्याच खिडकीपाशी उभी राहायची. जेवण मात्र केडगावलाच. बी.कॉम. तो दुसऱ्या वर्गात पास झाला.

तो निघाला त्या दिवशी एस.टी. स्टँडवर आम्ही सगळे होतो. हरिभाऊ उगाच फलाटावर येरझारा घालत होते. चंद्राबाईंनी फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि लसणाच्या चटणीची बरणी खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवली. "भाकरी मुंबईपातुर पुरल. चटनी घरी ने. आईला म्हनावं, तुजं पोरगं हितं उपाशी न्हाई ऱ्हायलं." बराकानं खाली उतरून त्यांच्या पायांना हात लावला, आणि कंडक्टरनं पहिल्यांदाच घंटी द्यायला उशीर केला.

काही महिन्यांनी माझ्या पत्त्यावर त्याचं इंग्रजीत लिहिलेलं पत्र आलं. मी सायकलवर टांग मारून केडगावला गेलो आणि चंद्राबाईंना ते मराठी करून वाचून दाखवलं. त्याला तिथल्या सहकारी बँकेत नोकरी लागली होती. आणि त्याच्या आईनं चटणी चाखली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पाण्याचा तांब्या संपला, आणि मग ती म्हणाली, "एवढं तिखट खाऊन माझं पोर तिथं टिकलं, म्हणजे वाढणारीचा हात फार गोड असला पाहिजे."

चंद्राबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. पदरानं नाक पुसलं. मग उठून फळीवरचा लसूण खाली काढत विचारलं, "चटनी संपली आसंल मंग. बोटीनं धाडता येती का रं?"