माळ्यावरची रायफल

हे मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. बाबांची रायफल पोलीस ठाण्यातून केव्हाच परत आली होती. मीच ती ग्रीस फासून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

लष्करातून मोडीत निघालेली ती रायफल बाबांनी रानडुकरांच्या त्रासापायी परवान्यावर घेतली होती. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागे. त्या वर्षी ती तिथं असतानाच आई गेली. बाबा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मला भीती वाटली, हा माणूस एक दिवस नळी स्वतःकडे वळवेल.

ते मात्र विचारत राहिले. "अरे, त्या जमादाराला म्हणावं, तेलाचा हात तरी फिरव. गंज खाईल तिला."

"सांगतो बाबा. कागद अडकलेत."

आज, इतक्या वर्षांनी, ती खाली काढली. रॉकेलच्या फडक्यानं चिकट, पिवळं ग्रीस निघतंय आणि आतलं लोखंड जसंच्या तसं आहे. लोखंड असं जपता येतं. माणसाला जपायला गेलो, तर त्याचे हात रिकामे राहिले. रायफल पुसायला बसले की बाबा शीळ घालायचे, हे मला तेव्हा आठवलंच नाही.

आता त्यांच्या बोटांत फडकंही ठरत नाही. रायफल त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवणं सोपं आहे. "बाबा, मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही," एवढं वाक्य मी त्यांना अजून देणं लागतो.