गच्चीवरचा डोळा

दुष्काळात आमच्या पाटोद्याच्या दूध संघाच्या गच्चीवर एका पाहुण्यानं माझ्या परवानगीनं आभाळाकडे तोंड करून कॅमेरा बसवला. ध्रुवाकडच्या बर्फात असाच कॅमेरा लावून तो तिथला उजेड मोजून आला होता. नवा कॅमेरा तपासायला त्याला निरभ्र आभाळ हवं होतं; ते आमच्याकडे भरपूर होतं. कॅमेरा ठराविक वेळानं आपोआप फोटो काढायचा; त्यात आपलं डोकं येऊ नये म्हणून पाहुणा पटकन खाली बसायचा. खाली अंगणात चहा पितानासुद्धा वरून खट्ट आवाज आला की मान आखडून घ्यायचा.

एके दिवशी ढग आले आणि न बरसताच गेले. दूध घालायला आलेली माणसं दगड घेऊन जिन्याशी जमली.

"सचिव साहेब, ह्यो डोळा ढगं पळवायलाय. काढा त्याला, न्हाई तर आमी फोडतो!"

मी, संघाचा सचिव, जिन्याच्या दारात उभा होतो. पाहुणा खाली आला. वाटलं, हा आता शास्त्र सांगणार आणि मार खाणार. तो हळूच म्हणाला, "तिकडे ध्रुवावर महिनोन्‌महिने सूर्य उगवला नाही, तेव्हा मलाही वाटायचं, या कॅमेऱ्यानंच गिळला."

त्यानं कॅमेरा काढून पेटीत ठेवला. लोकांनी दगड तिथंच टाकले.

तो गेला. पाऊस अजून नाही. रिकाम्या गच्चीकडे आता कुणी बघत नाही. सगळे माझ्याकडे बघतात.