तीन आठवड्यांची सुई

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात शिडी नव्हती, कटिंग मास्तर होते. वरच्या फळीवरचा तागा काढायचा झाला की कुणीतरी हाक मारायचं आणि मास्तर टाचाही न उचलता तो खाली उतरवून द्यायचे. म्हणून त्यांचं नाव शिडीमास्तर पडलं. लोक तोंडावर म्हणत आणि मास्तर त्या नावाला ओ देत. भांडायला अंगात जोर लागतो. तो त्यांच्याकडे नव्हता.

हात-पाय लांबच लांब, खांदे मात्र अरुंद. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी भागायचं. आपले शर्ट ते आपणच शिवत, चांगले ढगळ, छातीवर दोन मोठे खिसे आणि आत जाड अस्तर. कारागिरांना वाटे, मास्तरांना खिशांची हौस आहे. खिशात कधी काही नसे. तेराव्या-चौदाव्या वर्षी छाती मुलींसारखी भरली ती तशीच राहिली होती, आणि ती झाकण्यात मास्तरांनी आपली निम्मी अक्कल खर्च केली होती.

उरलेली दमण्यात गेली. सकाळी डोळे उघडत तेव्हाच त्यांना दिवस उलटून गेल्यासारखं वाटे. कटिंगच्या टेबलाशी आठ तास उभं राहायचं, कापडाचे थर लावायचे, खडूने आखायचं, मशीन फिरवायचं. दुपारच्या सुट्टीत बाकीचे गप्पा छाटत, मास्तर चिंध्यांच्या ढिगावर आडवे होत. काज-बटण करणाऱ्या मावशी म्हणायच्या, "मास्तर, तुमची झोप आमच्यात वाटली तरी सगळ्यांना पुरेल."

घरी ताई होती. सात वर्षांनी मोठी, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून. वडील आधीच गेले होते आणि आई गेली तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते, म्हणजे त्यांना वाढवलं ताईनेच. ती प्रेमळ होती, पण तिच्या प्रेमाला तोंड फार. ऊठ, आवर, पाय उचल, किती लोळशील, अंगाला गंज चढेल तुझ्या. शाळेत त्यांना बोलायला शब्द सापडायला वेळ लागे, पळताना ते मागे पडत. शिक्षकांनी ‘आळशी’ असा शेरा मारला, ताईने त्यावर सही केली, आणि तो शेरा मास्तरांना आयुष्यभर चिकटला. हळूहळू त्यांचंही मत तेच झालं.

मास्तरांच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो जाड कापडाचा तागा आला. नेहमीसारखे हात वर करून त्यांनी तो उतरवला, आणि पाठीत काहीतरी मोडलं. ते पडले नाहीत, घसरले नाहीत. नुसते तागा धरून उभे राहिले, कारण तो खाली कसा ठेवावा ते कळेना.

एक्स-रेत एक मणका दबलेला दिसला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. ही हाडं त्रेचाळीस वर्षांच्या माणसाची दिसत नाहीत, म्हणाले, सत्तरीतल्या म्हातारीची दिसतात. मग त्यांनी दाढीबद्दल विचारलं, दमण्याबद्दल विचारलं, आणि हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी दिली.

बाईंनी शर्ट काढायला सांगितला. मास्तरांनी पट्टीवरची सगळी बटणं एकेक करून इतक्या सावकाश काढली की कुणालाही वाटावं, ती मोजायला सांगितली आहेत. बाई घाई न करता खुर्चीत बसून राहिल्या. त्यांनी सगळं तपासलं, कमरेखालचंही. आजवर कुणी डॉक्टरने ते पाहिलं नव्हतं आणि मास्तरांनी कुणाला दाखवलं नव्हतं. रक्त तपासायला गेलं. एक अहवाल लवकर आला, दुसऱ्याला तीन आठवडे लागले.

तो ऐकायला ताई हट्टाने बरोबर आली. बाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. माणसाच्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात. पुरुषात त्यातलं एक एक्स आणि एक वाय. तुमच्यात एक एक्स जास्तीचं आहे, एकूण सत्तेचाळीस. सहाशे-सातशे पुरुषांत एखाद्याला असतं आणि पुष्कळांना जन्मभर पत्ताच लागत नाही. त्यामुळे अंडकोश लहान राहतात, पुरुषी हार्मोन पुरेसं तयार होत नाही. ते नसलं की हाडं पोकळ होतात, स्नायू भरत नाहीत, रक्त कमी पडतं, माणूस दमतो. मूलही सहसा होत नाही.

मास्तरांनी मान हलवली. विचारलं ते ताईने.

"आई गेली तेव्हा हा लहान होता. मला स्वयंपाकही धड येत नव्हता. खाण्यापिण्याची आबाळ झाली, त्याने झालं का?"

बाई म्हणाल्या, नाही, हे जन्माच्या आधीच ठरतं, यात कुणाचाच दोष नाही. ताईने आकृतीचा तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

उपचार म्हणजे दर तीन आठवड्यांनी कमरेत सुई, जोडीला हाडांच्या गोळ्या, रोज चालणं आणि ठरावीक महिन्यांनी रक्त तपासणं. बाईंनी खोटी आशा लावली नाही. जोर येईल, हाडं सावरतील, मूल मात्र होणार नाही आणि छातीही सुईने उतरणार नाही, तिला शस्त्रक्रियाच लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

औषध तेलात असे. नर्सबाई ती बाटली आधी तळव्यात धरून कोमट करायच्या, तरी सुई गेल्यावर दोन दिवस मास्तर एका बाजूवर भार देऊन बसत. चौथ्या दिवशी त्यांना गजराच्या आधी जाग आली. काहीतरी चुकलं असं वाटून ते पलंगावर बसून राहिले. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. दहा-बारा दिवस हे टिकलं, आणि तिसऱ्या आठवड्यात चाकातली हवा गेल्यासारखे ते पुन्हा बसले. मग पुन्हा सुई. मावशींना त्यांनी दर तीन आठवड्यांनी हाडांचं इंजेक्शन असतं एवढंच सांगितलं होतं, पण त्या नुसतं तोंड पाहून सांगायच्या, "आज विसावा दिवस दिसतोय." मालकांनी तागे उतरवायला एक लोखंडी शिडी आणली. नाव मात्र मास्तरांकडेच राहिलं.

ओठावर नीट मिशी आली. त्याबरोबर पूर्वी कधी न आलेला राग यायला लागला, आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना माहीत नव्हतं.

घरात ताई पार बदलली होती. तोंड बंद झालं होतं आणि ते जास्त जाचक होतं. पिशवी हातातून काढून घ्यायची. बस, मी आणते. वाकू नकोस. शेजारणीला हळू आवाजात सांगायची की त्याची तब्येत नाजूक आहे. मास्तर तीन-चार महिने मुकाट राहिले. एका रविवारी दुपारी ते धुतलेल्या कपड्यांची बादली उचलून गच्चीकडे निघाले, तर ती धावत आली.

"ठेव ती. तुला उचलायचं नाहीये."

"अर्धीच आहे, ताई."

"अर्धी असली म्हणून काय झालं?"

मास्तरांनी बादली खाली ठेवली. त्यांचा आवाज चढला, आणि तो आपलाच आहे हे त्यांना क्षणभर ओळखू आलं नाही. "चाळीस वर्षं ऊठ-ऊठ म्हणून डोकं खाल्लंस. आता बस-बस म्हणून खातेस. कधी तरी मला माझ्या मनाने उभं राहू दे."

ताई भिंतीला टेकली. "मला काय माहीत होतं? तू कधी सांगितलंस, दमतोस म्हणून?"

"रोज सांगत होतो."

ताई म्हणाली की परीक्षेच्या दिवसांत एकदा तिने त्यांच्या अंगावर तांब्याभर गार पाणी ओतलं होतं, ते तिला हल्ली रोज आठवतं. मास्तरांना ते आठवत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं, आणि त्याने तिला काही बरं वाटलं नाही.

"आणि त्या दोन मुली?" तिने विचारलं. "चांगल्या होत्या. मीच बोलणं लावलं होतं. काही कारण न सांगता नाही म्हणालास."

मास्तर बादलीकडे पाहत म्हणाले, "शर्ट काढावा लागला असता."

ताईला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती तिथेच पायरीवर बसली.

"मला वाटलं, माझ्यासाठी नाही म्हणालास," ती म्हणाली. "मी एकटी पडेन म्हणून."

मग तिने जे सांगितलं ते मास्तरांना सर्वस्वी नवं होतं. तिच्या कार्यालयात मीटर तपासणारा एक गृहस्थ होता. बायको वारलेली, स्वभावाने शांत. त्याने तिला विचारलं होतं. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. भाऊ माझ्यासाठी लग्नाशिवाय राहिलाय, त्याला टाकून कशी येऊ, असं ती त्याला म्हणाली. तो आणखी वर्षभर थांबला. मग बदली घेऊन गेला.

"दोघांनी एकमेकांवर केवढे उपकार केले बघ," ताई म्हणाली.

मास्तरांना हसू आलं. हसताना पाठ दुखली म्हणून त्यांनी कठडा धरला. ताईही हसली, पण मध्येच उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कपडे मास्तरांनी वाळत घातले, दोन खेपांत.

त्यानंतर घरात फार काही बदललं नाही. तो गृहस्थ कुठे असतो याची ताईने चौकशी केली नाही. मास्तरांनी एकदा सुचवून पाहिलं, तर ती म्हणाली, आता राहू दे, मलाही दम उरलेला नाही. ‘ऊठ’, ‘बस’ म्हणणं मात्र तिने कमी केलं. तिच्या तोंडून सूचना निघायला लागली की ती मध्येच थांबायची, आणि ते अर्धं वाक्य दोघांच्या मधे लोंबकळत राहायचं.

तिसऱ्या वर्षी हाडांच्या तपासणीत थोडी सुधारणा दिसली. बाई खूश झाल्या, पण रक्त दाट होतंय म्हणून त्यांनी दोन सुयांमधलं अंतर चार आठवड्यांचं केलं. मास्तर अनेक दिवस त्या एका आठवड्यासाठी हळहळले. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी एका सर्जनला ते भेटून आले. तारीख घेतली, पुढे ढकलली, पुन्हा घेतली. आता कुणासाठी करायची, असं त्यांनी बाईंना विचारलं होतं. तुमच्यासाठी, असं बाई म्हणाल्या, आणि ते उत्तर पचायलाच त्यांना दोन महिने लागले. शेवटी केली. चार दिवस दवाखान्यात आणि महिनाभर घरी राहिले. त्या महिन्यात मावशी एकदा येऊन गेल्या, पण काय झालं होतं ते त्यांनी विचारलं नाही.

मास्तर अजूनही दमतात. सुई ही काही जादू नाही आणि त्रेचाळीस वर्षं कुणी परत देत नाही. पण पूर्वी ते दमले की स्वतःला शिव्या देत, आता नुसते बसतात. ताई निवृत्त झाली आहे आणि तिचे गुडघे गेले आहेत. संध्याकाळी दोघं चालायला जातात, कारण डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलंय. मास्तरांच्या लांब टांगा पुढे निघून जातात. मग कोपऱ्यावरच्या दिव्याशी ते थांबतात आणि ती येईपर्यंत तिथेच उभे राहतात.