एसीत मात्र छान चालते

"एसीत मात्र ही छान चालते, डॉक्टर," माझा नवरा निलेश म्हणाला. "मॉलमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठंही. आतासुद्धा पार्किंगपासून लिफ्टपर्यंत पाय ओढत आली आणि तुमच्या वेटिंग रूममध्ये बसून उठली तर एकदम नीट. मला वाटतं, थोडा मनाचाही भाग आहे यात."

डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टर. "हे पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

निलेशला वाटलं, आपलं म्हणणं त्यांना पटलं. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा रंगवून.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "उन्हात चाललं की पाय जड होतात?"

"हो."

"गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर?"

या दोन गोष्टींचा संबंध मी कधी लावलाच नव्हता. "हो," म्हटलं. "भिंत धरून बाहेर येते. उजव्या डोळ्यालाही तेवढ्यापुरतं धूसर दिसतं."

त्यांनी माझा एमआरआय स्क्रीनवर लावला. मेंदूत आणि मानेतल्या मज्जारज्जूत पांढरे ठिपके होते. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरीवर प्लास्टिकचं आवरण असतं तसं नसांवरही एक आवरण असतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच ते आवरण कुरतडते. जिथं नस उघडी पडते तिथं मेंदूचा निरोप अडखळतो. अंग तापलं की जास्तच अडखळतो आणि अंग निवलं की पुन्हा जाऊ लागतो. या तापण्या-निवण्याच्या खेळाला उथॉफ फिनॉमेनन म्हणतात.

"उन्हानं हा आजार होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आत असलेला आजार उन्हात दिसतो, एवढंच."

निलेश स्क्रीनजवळ सरकला. मग म्हणाला, "म्हणजे हिला खरंच चालता येत नव्हतं?"

"त्या कधीपासून सांगताहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दोन उन्हाळे," मी म्हटलं.

मला रडू आलं नाही. असा आजार निघाल्यावर कुणाला बरं वाटू नये, पण मला आधी बरंच वाटलं. मी खोटं बोलत नव्हते हे आता कुणीतरी पडद्यावर दाखवलं होतं. भीती नंतर आली, गाडीत बसल्यावर.

आम्ही माणला राहतो, हिंजवडीच्या कडेला, एका टॉवरमध्ये. निलेश आयटीत आहे, मूळचा अकोल्याचा. मी लातूरकडची, पिरंगुटच्या एका शाळेत गणित शिकवते. दोघंही कडक उन्हाच्या मुलखातले. त्यामुळे मी ऊन सोसत नाही म्हटलं की तो हसायचा. "लातूरची पोरगी आणि पुण्याच्या उन्हाला घाबरते," असं तो माझ्या माहेरीही सांगायचा, आणि ते हसायचे.

चालण्यावरून आमचं आधी कधी भांडण नव्हतं, कारण दोघंही चालत नव्हतो. मग ऑफिसच्या तपासणीत त्याची साखर सीमारेषेवर निघाली. तो घाबरला आणि चालायला लागला. मनगटावर घड्याळ आलं, कंपनीत स्पर्धा सुरू झाली, कुणाची पावलं किती ते सगळ्यांना दिसू लागलं. वजन उतरलं, साखर उतरली. हे चांगलंच झालं, मी नाकारत नाही. पण स्वतःला मानवलं ते दुसऱ्याला मानवलंच पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याच्या अमेरिकेबरोबरच्या मीटिंगा रात्री असत, म्हणून सकाळी उशिरा उठणं, म्हणून चालायची वेळ ऊन चढल्यावर. "घाम निघाला नाही तर ते चालणं कसलं," असं तो म्हणायचा.

मला चालायचा कंटाळा नव्हता. दिवस मावळल्यावर भाजी आणायला, मैत्रिणीकडे जायला मी आनंदानं चालत जायची. त्याच्या लेखी ते चालणं नव्हतं, भटकणं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात सुरुवात झाली. सोसायटीच्या रस्त्याला थोडं चाललं की उजवा पाय जड व्हायचा. चवडा उचलला जायचा नाही आणि चप्पल मागे राहायची. सावलीत बसलं की जायचं. मी निलेशला सांगितलं. तो म्हणाला, "सवय नाही, म्हणून." फिजिशियननी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह कमी, डी कमी, हाडांच्या डॉक्टरकडे एक्स-रे नॉर्मल. गोळ्या मिळाल्या आणि वर सल्ला, वजन कमी करा, रोज चाला. निलेशनं गाडीत माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

मग मॉलचा दिवस आला. भाचीच्या लग्नाच्या खरेदीला मी दुपारभर हिंडले, मजल्यावर मजले. पायाला काही झालं नाही. माझं मलाच नवल वाटलं. निलेशला नवल वाटलं नाही. त्यानंतर माझं सगळं दुखणं त्या एका दुपारवर मोजलं जाऊ लागलं. "खरेदीला पाय चालतात." हे त्यानं त्याच्या आईला सांगितलं, माझ्या आईला सांगितलं. माझी आई फोनवर म्हणाली, "थोडं चालत जा गं, त्याचंही मन राख." मॉलमध्ये मी चालले होते हे खरंच होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुट्टीतल्या एका रविवारी, तो मला मुठा खोऱ्यात घेऊन गेला. लवासाकडे जाणारा चढ चालायचा, असा त्याचा बेत. गाडी खाली लावली तेव्हाच डांबर तापलेलं होतं. मी म्हटलं, "संध्याकाळी येऊ." तो म्हणाला, "संध्याकाळी तू म्हणशील उद्या."

चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात उजवा पाय गेला, मग डावाही. मी त्याला हाक मारली. त्याच्या कानात हेडफोन होते. दुसऱ्यांदा मारली तेव्हा तो वळला, मी खाली बसलेली दिसली, त्यानं हातानंच खूण केली, बस तिथं, आणि पुढं गेला.

रस्त्याला लागून एक घर होतं. अंगणात एक बाई कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी मला रस्त्यावरून धरून धरून ओट्यावर नेलं. त्यांचं नाव हौसाबाई. मी उंबऱ्यापाशी पोचले आणि मला लघवी आवरली नाही. कपड्यांतच झाली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, परक्या माणसाच्या दारात. या आजारात लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो, हे मला पुढं कळलं. त्या वेळी वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं.

हौसाबाई लगबगीनं आत गेल्या. आतून जुनी साडी आणली, मोरीत नेलं, पाणी काढून दिलं. डोक्यावर ओला पंचा ठेवला. मग शेजारी बसून म्हणाल्या, "कुटं चालला हुता एवढ्या उनाचं?"

"फिरायला."

"कशापायी?"

"व्यायाम म्हणून."

"मालक पुढं गेलं व्हय?" त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "आमचं हे तर मला चावडीपातूर चालू देत न्हाईत. गाडीवर बस म्हन्त्यात, लोकं बघत्यात. आन् तुमचं उनात चालवत्यात. बाईला आपल्या मनानं चालायची सोय न्हाईच हितं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पर खरं सांगू का, तुमाला सवय न्हाई. आमी दिसभर रानात ऱ्हातो, आमाला काय न्हाई हुत."

त्यांनी माझी अब्रू झाकली होती, म्हणून त्यांचा राग आला नाही. पण त्याही निलेशच्याच बाजूच्या निघाल्या.

तो चढ पूर्ण करून आला तोवर ओल्या पंचानं आणि सावलीनं माझे पाय परत आले होते. मी ओट्यावरून उठून त्याच्याकडे चालत गेले. तो हसला. "बघ, झालं ना सगळं ठीक? आणि ही साडी कुठली?"

"पाणी सांडलं," मी म्हटलं.

गाडीत त्यानं एसी लावला. घरी येईपर्यंत मी ओले कपडे मांडीवर दाबून बसले आणि त्याला वाटलं, मी चालले नाही म्हणून ओशाळलेय.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं असं होत असेल तर त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते. तुमचं दुखणं तापल्यावर येत असेल आणि निवल्यावर जात असेल, तर ते खोटं नाही. बरं वाटलेला वेळ लपवू नका. मी लपवायला लागले होते. मॉलला जाणं सोडलं होतं, कारण तिथं नीट चालले तर घरी तेच माझ्याविरुद्ध जाणार. डॉक्टरांनाही मी नुसते वाईट दिवस सांगायचे. चांगला वेळ कुठं आणि केव्हा असतो, हे सांगितलं असतं तर कदाचित आधीच कळलं असतं.

पुढं जूनमध्ये डोळा बिघडला. फळ्यावर लाल खडूनं काढलेला त्रिकोण उजव्या डोळ्याला विटकरी दिसू लागला. डोळा हलवला की दुखे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑप्टिक न्यूरायटिस सांगितलं, म्हणजे डोळ्यामागच्या नसेला सूज. डोळा दाखवता येतो, त्याला कुणी नाटक म्हणालं नाही. त्यांनीच एमआरआय करवून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि तिथं निलेशनं ते एसीचं वाक्य बोलून दाखवलं.

त्याच आठवड्यात मी दाखल झाले. लंबर पंक्चर केलं. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे, कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढतात. दुखतं, पण सहन होतं. नंतर उताणं पडून राहावं लागलं आणि तरी डोकं ठणकत होतं. मग स्टेरॉइडचे ड्रिप, सूज लवकर उतरावी म्हणून. तोंडाला गंजलेल्या लोखंडाची चव येई, चेहरा सुजला. डोळा हळूहळू निवळला. पाय बराचसा सुधारला, पुरता नाही. तो आता असाच राहील. औषध कायमचं आहे. त्यानं आजार बरा होत नाही, पुढचे झटके कमी होतात.

निलेश दवाखान्यात रोज यायचा. फळं आणायचा, नर्सशी नीट बोलायचा, माझे पाय चेपायचा. पाचव्या की सहाव्या दिवशी त्याचे ऑफिसमधले दोघं भेटायला आले. मी डोळे मिटून पडले होते. तो त्यांना हळू आवाजात सांगत होता, "निदान कसं झालं माहितीये? मीच डॉक्टरांना म्हटलं, एसीत ही छान चालते. त्यावरूनच त्यांना स्ट्राइक झालं. नाहीतर अजून गोळ्याच खात बसली असती."

ते दोघं म्हणाले, "नशीबवान आहेत वहिनी."

मी डोळे उघडले नाहीत. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

ते गेल्यावर मी त्याला त्या रविवारचं सांगितलं. साडी का नेसले होते ते सांगितलं. त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

माफी मागेल असं वाटलं होतं. पुढं मागितलीही त्यानं, एकदा नाही, बऱ्याचदा. पण त्याचा पहिला प्रश्न हा होता.

घरी आल्यावर तो बदलला. मी उतरायच्या आधी गाडी गार करून ठेवतो. बाथरूमचा गीझर त्यानं काढूनच टाकला. भाजी तो आणतो, दूध तो आणतो. जिन्याकडे गेले की मागून आवाज येतो, "लिफ्टनं जा." फिजिओथेरपिस्टनं स्पष्ट सांगितलं आहे की मी रोज चालायलाच हवं. गारव्यात, थांबत थांबत, मानेला ओला रुमाल बांधून. न चालणं या आजारात वाईट. निलेशला ते पटत नाही. त्यानं इंटरनेटवर वाचलंय की दमणूक धोक्याची.

दिवाळीनंतर एकदा मी म्हटलं, "उद्या सकाळी मी खालच्या रस्त्याला जाऊन येते."

"काही गरज नाही. पडलीस बिडलीस तर?"

"उन्हाळ्यात तू मला ढकलत होतास."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे?"

"मी सगळं वाचलंय, तुझ्यापेक्षा जास्त," तो म्हणाला. अगदी मनापासून, काळजीनंच म्हणाला.

हौसाबाईंनी ओट्यावर मला जे सांगितलं होतं, त्यांचा नवरा चालू देत नाही आणि माझा चालवतो, ते मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

आजारानं माणूस शहाणा होतो, नाती जवळ येतात, असं भेटायला येणारे सगळे सांगतात. माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. आभार मानायचे तर डॉक्टरबाईंचे मानते. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. निलेशचा राग मी धरत नाही असंही म्हणणार नाही. तो असतो. निलेशबरोबर जेवते, हसते, तरी राग असतो. एवढंच बदललंय की आता माझ्या पायांबद्दल मी कुणाची खात्री पटवत बसत नाही.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, निलेश झोपलेला असताना मी खाली उतरले. हवेत गारठा होता, टेकडीच्या बाजूनं धुकं होतं. कंपन्यांच्या कॅब अजून सुरू व्हायच्या होत्या. काठी घेतली होती. दोनदा कट्ट्यावर बसले. एकदा उजवा चवडा अडला, मी थांबले, सुटला, मग पुन्हा निघाले. कुणी पुढं नव्हतं, कुणी मागं नव्हतं.

परत आले तर तो दारातच उभा. "फोन तरी घेऊन जायचास," म्हणाला. मी काठी कोपऱ्यात ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले. तो मागोमाग आला.

"किती चाललीस?" त्यानं विचारलं.

मी त्याला सांगितलं नाही.