गाणाऱ्या काउबॉयला घेऊन उमरखेडला

सोमवारी मामाच्या घशाचं ऑपरेशन आहे, स्वरयंत्रच काढणार, असा मामीचा फोन आला आणि शनिवारी सकाळीच मी नागपूर सोडलं. लॅपटॉपमध्ये एक जुना कृष्णधवल इंग्रजी सिनेमा भरून घेतला होता. गोळीबार थांबला की गिटार काढणाऱ्या काउबॉयचा.

मामा तरुणपणी टुरिंग टॉकीजसोबत जत्रा फिरायचा. हा सिनेमा लागला की पडद्याशेजारी माइक घेऊन सगळी गोष्ट वऱ्हाडीत सांगायचा. गाणं आलं की मशीनवाला आवाज बंद करायचा आणि मामा स्वतःचं गाणं म्हणायचा. लोक त्यासाठीच तंबूत यायचे. ते गाणं कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. मामाचा आवाज जायच्या आत मला ते हवं होतं.

कुणाला जायचं असेल तर सकाळची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट आहे. कळंबला गरम आलुबोंडा मिळतो. यवतमाळला गाडी बदलली.

"थुंकायले खाली उतर ना बे!" कंडक्टर एका खर्रा खाणाऱ्यावर ओरडला. मामाचा घसा या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानेच खाल्ला. महागावपर्यंत कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या नुसत्या उभ्या होत्या. बाहेर बघवेना.

उमरखेडला मामा दारातच बसला होता, वाळून काडी झालेला. "आली काय?" हेही जेमतेम ऐकू आलं.

लॅपटॉप स्टुलावर ठेवला, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. घोडा नदीवर थांबला, काउबॉयने गिटार काढली.

"आवाज बंद कर वं," मामी जुन्या सवयीने म्हणाली.

मामा उठून स्क्रीनशेजारी उभा राहिला. मूठ माइकसारखी तोंडाशी धरली. तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, खोकला आला. मला रडू आवरेना.

तो खाली बसला. "लाव आवाज," कसंबसं म्हणाला. "मी त्याले कधी गाऊच नाही देल्लं. कसा गाते, आइकू दे."

मी गाणं मागे नेऊन आवाज मोठा केला. मामाने शेवटपर्यंत ऐकलं. "चांगला गाते लेकाचा."

नागपूरला परतले. ऑपरेशन झालं. मामाचं गाणं गेलंच, हाताला लागला तो खोकला आणि दोन-चार वाक्यं. मामीने रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा काउबॉयचं गाणं कापून तेवढंच पाठवलं.

लगेच तिचा फोन. "गाणं काहून कापलं वं? हे हातवारे करून राह्यले. पुरं पाठव म्हणतात."