अठरा ग्रॅम हॉप आणि माझा हात

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत बसलो होतो, पण मास्तरांशी भांडून उठलो तो उठलोच. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी शिकलेल्या माणसाचा हिशेब चुकला असं म्हणणार आहे.

आखातातल्या रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात मी पाइप फिटर होतो. आमच्या मेन्टेनन्सचा साहेब इंग्रज. गुरुवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की मी त्याच्या व्हिलावर जायचो. साहेब घरच्या घरी बियर करायचा आणि पातेली उचलायला, नळ्या जोडायला त्याला माझे हात लागायचे. मी स्वतः थेंबाला शिवत नाही. लग्नात बायकोला तसा शब्द दिला होता.

काम असं. डब्यातला मॉल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, घट्ट पाक पाण्यात घालून मोठ्या पातेल्यात तासभर उकळायचा. साहेब त्याला वर्ट म्हणे, मी काढा म्हणायचो. त्यात हॉप घालायचे. हॉप म्हणजे एका वेलीची फुलं, वाळवून, दाबून गोळ्या केलेली. दिसायला बकरीच्या लेंड्या, चवीला कडूजहर. सुरुवातीला घातले की ते कडूपणा देतात, गॅस बंद करताना घातले की नुसता वास. काढा गार झाला की पिंपात ओतून यीस्ट घालायचं आणि पिंप तीन आठवडे एसीच्या खोलीत. साहेबाच्या वहीत कोष्टक होतं, इतकी मिनिटं उकळलं तर इतकं कडू. शेवटी घालायच्या अठरा ग्रॅमपुढे त्याने कडूपणा शून्य लिहिला होता.

हिवाळ्यात बियर झकास झाली म्हणे. उन्हाळ्यात दोनदा कडू झाली. दुसऱ्या खेपेला शुक्रवारी साहेबाकडे चार पाहुणे बसले होते आणि मी अंगणातल्या नळाचा वॉशर बदलत होतो. एकाने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. साहेब हसत म्हणाला, "माय मिस्त्री, हेवी हँड," आणि मूठभर टाकल्याची खूण केली. सगळे हसले.

एवढं इंग्रजी मला कळत होतं. प्रत्येक वेळी मी छोट्या काट्यावर दोनदा वजन करायचो. पाहुणे गेल्यावर साहेबाला म्हणालो, "साहब, आपने अठारा बोला, मैंने अठारा डाला."

"कोई बात नहीं, मिस्त्री. मिस्टेक सबका होता है."

शिवी दिली असती तर चाललं असतं. त्याने माफ केलं, ते मला लागलं.

पुढचे दोन गुरुवार मी गेलो नाही. खोलीतला माझा जोडीदार संगमेश्वरकडचा, टँकरवर ड्रायव्हर. तो म्हणाला, "दादा, तू पीत नाहीस, विकत नाहीस, आणि दारूच्या टोपावरून रुसून बसलायस?"

"टोपावरून नाही. चारचौघांत माझा हात जड म्हणाला तो. फिटरचा हात जड म्हटल्यावर राहिलं काय?"

"मग आमच्या आमटीत मीठ जास्त पडतं ते कोणाच्या हाताने?"

"ते तुझं तोंड बंद राहावं म्हणून."

"मग साहेबाचंही कर की बंद. जा, दाखव त्याला."

दाखवायचं काय, ते मला हळूहळू सुचलं. काढ्यात यीस्ट पडेपर्यंत दारू नसते, म्हणून तो मी चमच्याने चाखायचो. त्याने बायकोला दिलेला शब्द मोडत नव्हता. संध्याकाळी गॅस बंद करताना चाखलेला काढा आणि सकाळी पिंपात ओतताना चाखलेला काढा, यांत उन्हाळ्यात फरक लागत होता. सकाळचा जास्त कडू. हिवाळ्यात नळाला गार पाणी यायचं, पातेलं टबात ठेवलं की अर्ध्या तासात काढा गार. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. मग पातेलं आपोआप गार होईतो सकाळपर्यंत तसंच राहायचं. ताप आला की आमची आई काडेकिराईत द्यायची. ते कधी चुलीवर चढवलं नाही. वरून कढत पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, सकाळी विष तयार. कडू उतरायला विस्तव लागत नाही, गरम पाणी पुरतं. साहेबाचं कोष्टक त्याच्या मुलखातलं, जिथे नळ सोडला की बर्फासारखं पाणी येतं.

तिसऱ्या गुरुवारी जाऊन हे सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. साहेबाने मान हलवली. "गॅस बंद, कडवा बंद."

"साहब, गॅस बंद हुआ, ये काढे को किसने बताया?"

मॅडम, म्हणजे साहेबाची बायको, स्वयंपाकघरात हसल्या. त्यांनीच साहेबाला सांगितलं की करून बघा.

बंदरावर मच्छीवाले नेतात तो बर्फ मी आणला. काढा उकळला, गॅस बंद केला, अठरा ग्रॅम साहेबासमोर मोजून घातले, ढवळलं आणि लगेच अर्धा काढा दुसऱ्या पातेल्यात काढून बर्फात ठेवला. वीस मिनिटांत गार. राहिलेला अर्धा नेहमीप्रमाणे ठेवायचा होता. साहेब आत गेला. मी पातेलं मागच्या व्हरांड्यात नेलं, झाकण घातलं, वाळू जाऊ नये म्हणून सवयीने गोणपाट उचललं आणि हात तिथेच थांबला.

सारा उन्हाळा मी ते पातेलं गोणपाटात गुंडाळत होतो. भात गरम राहावा म्हणून गुंडाळतात तसं. मला कोणी सांगितलं नव्हतं, ते माझंच डोकं. आता नाही गुंडाळलं तर फरक कमी पडेल, गुंडाळलं तर माझी करणी त्यात मोजली जाईल. नेहमीसारखं ठेवायचं ठरलं होतं. मी गुंडाळलं. साहेबाला मात्र बोललो नाही.

तीन आठवड्यांनी मॅडमनी दाराआड दोन ग्लास भरून आणले. कुठला कशातला ते सांगितलं नाही. साहेबाने एक प्यायला, दुसरा प्यायला, परत पहिला. "दिस वन, विंटर," म्हणाला. तो बर्फातला होता. दुसरा त्याने बाजूला सारला आणि वही ओढली. बर्फ नसेल तेव्हा शेवटचे हॉप वीस मिनिटं उकळले असं धरायचं आणि सुरुवातीचे तेवढे कमी करायचे, असं लिहून त्याने ते मला समजावलं. मग हात पुढे केला. "सॉरी, मिस्त्री."

मी हात घेतला नाही. "साहब, मुझे अकेले को नहीं. जिनके सामने बोला, उनके सामने बोलो."

मॅडम जमिनीकडे बघायला लागल्या. साहेबाने हात मागे घेतला. परत येताना वाटलं, व्हिसा कॅन्सल होतोय आता.

शुक्रवारी त्याने मला बोलावून घेतलं. तेच चार पाहुणे. साहेब उभा राहिला आणि मला कळावं म्हणून सावकाश बोलला. वजन मिस्त्रीचं बरोबर होतं, वहीतला नंबर माझा चुकीचा, असं म्हणाला. बोलताना त्याचे कान लाल झाले. माझ्यापेक्षा वयाने लहान माणूस. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी त्याला थांबवलं नाही.

मग माझी पाळी होती. गप्प राहिलो असतो तरी कोणाला कळलं नसतं. म्हणालो, "साहब, बर्तन को मैं हर बार बोरे में लपेटता था. और देर गरम रहा. वो मेरा गलती."

साहेब खो खो हसला. "सो, मिस्त्री, फिफ्टी-फिफ्टी?"

"नहीं साहब," मी म्हणालो. "बोरा मेरा. वजन पूरा अठारा था."