सासूबाईंचा घाट

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. चालणं मला फार साधं वाटलं. मी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना रस्ते बांधायला शिकवतो. रस्त्याशी माझं नातं काही वेगळं असावं, असं मला वाटे. म्हणून मी सायकल घेतली. बारीक टायरची, वाकलेल्या हँडलची, दोन बोटांवर उचलता येईल अशी. तिच्यासोबत हेल्मेट, गॉगल आणि एक घट्ट चड्डी आली. ती चड्डी घालून मी पहिल्यांदा हॉलमध्ये आलो, तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "जवाईबापू, वरून काही घालाचं राह्यलं का?"

सासरे गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, त्या आमच्याकडेच राहतात. सरकारी नोकरीत नर्स होत्या, एवढं मला माहीत होतं. कुठे, कशा, हे मी कधी विचारलं नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. विचारायला सवडच मिळाली नाही म्हणा.

दर रविवारी पहाटे मी गाडीच्या मागे सायकल बांधून मनसरपर्यंत जायचो आणि तिथून पेंचच्या जंगलाकडे निघायचो. देवलापारनंतर हायवे सोडला की साग, मोह, बांबू आणि मधूनच एखादं गाव. एके ठिकाणी घाट लागतो. पुण्याचा माणूस त्याला टेकाड म्हणेल, पण नागपूरकराला सपाटीची सवय असल्यामुळे तो घाटच. घरी आलो की मी नाश्त्याला बसून त्या रस्त्याचं वर्णन करायचो. तिथली शांतता, हवा, चढ किती टक्क्यांचा आहे, तो मी कुठल्या गिअरमध्ये घेतो. सासूबाई ऐकून घ्यायच्या. कधी म्हणायच्या, "हो का."

मागच्या नोव्हेंबरात बायको म्हणाली, "अहो, आईला या रविवारी तुमच्यासोबत यायचंय. तिच्यासोबत काम करणारी दाई आहे तिकडच्या गावात. अंथरुणाला खिळली म्हणे."

"कुठल्या गावात?"

बायकोनं नाव सांगितलं. घाट उतरला की लागणारं तेच गाव. तिथल्या टपरीवर आमचा सायकलवाल्यांचा गट दर आठवड्याला चहा प्यायचा.

"आई तिकडे कशा काय?"

"आईची सगळी नोकरी तिकडेच झाली," बायको म्हणाली. "सायकलवर. तुम्हाला माहीत नाही?"

रविवारी मनसरला मी सायकल उतरवली. बायको गाडी चालवत होती, सासूबाई तिच्या शेजारी. त्या दोघींनी पुढे जाऊन थांबावं, असा माझा आग्रह होता. पण बायकोला माझ्या साखरेची काळजी, त्यामुळे घाट आला तशी गाडी मागोमाग रांगू लागली. अर्ध्या चढावर माझा शेवटचा गिअर संपला. मी उभा राहून पॅडल मारू लागलो. तेवढ्यात गाडी बाजूला आली आणि काच खाली झाली.

"जवाईबापू, उतरा ना," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई, जमतंय."

"जमून राह्यलं ते दिसून राह्यलं. उतरून काहून नाही चालत?"

"उतरलं तर चढ मोजला जात नाही."

"कोण मोजत नाही?"

मोजणारं ॲप फोनमध्ये होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मी दात आवळून वर पोचलो आणि पाय जमिनीवर टेकवताच पोटरीत असा गोळा आला की सायकलीसकट रस्त्याच्या कठड्यावर बसलो. ओरडलोही असेन.

सासूबाई गाडीतून उतरल्या. गुडघे धरत, सावकाश. माझ्यासमोर बसल्या आणि काही न विचारता माझा बूट काढून तळपाय माझ्याकडे रेटला, पोटरी अंगठ्यानं दाबली. मी हात झटकायला गेलो.

"हालू नका," त्या म्हणाल्या. तो आवाज आमच्या घरात मी कधी ऐकला नव्हता.

बायकोनं पाण्यात मीठ-साखर कालवून दिली. साखर जपूनच. गोळा सुटेपर्यंत सासूबाई माझा पाय मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिल्या आणि बोलू लागल्या. कॅरिअरला लसींचा डबा बांधलेला असायचा. डब्यात बर्फ. बर्फ वितळायच्या आत गावात पोचायचं.

"हा चढ मी ढकलतच येत होती. सगळेच ढकलत. चढावर सायकल ढकलाची असते, हे कोणाले शिकवा लागते का?"

"भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"अस्वलाची वाटे. म्हणून सगळ्या रस्त्यानं घंटी वाजवत जात होती. हात दुखला का मोठ्यानं पाढे म्हणत होती. तुम्ही घरी शांतता शांतता करता ना, तवा माह्या अंगावर काटाच येते. जंगल शांत झालं म्हणजे जवळ काहीतरी आहे."

मी माझ्या सायकलीकडे पाहिलं. वजन वाढतं म्हणून मी तिची घंटी काढून टाकली होती.

घाट उतरून टपरीपाशी आलो. टपरीवाली चाळिशीची बाई. इतक्या रविवारांत ती मला 'हेल्मेटवाले भाऊ' म्हणायची आणि मी तिला 'चार चहा' म्हणायचो. गाडीतून सासूबाई उतरताना दिसल्या तशी ती गाळणी हातात घेऊनच धावली.

"बाई! तुम्ही हो! मले ओळखलं का?"

सासूबाईंनी तिच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "नाल्याच्या पुलावरची?"

"तीच!"

पावसाळ्यात नाल्याला पूर आला होता. बैलगाडी पुलाच्या अलीकडे अडकली आणि सासूबाईंनी तिथेच, गाडीच्या चाकांमधल्या कोरड्या जागेत, हिच्या आईचं बाळंतपण केलं होतं. त्या पुलावर थांबून मी फोटो काढत असे. टपरीवालीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही बाईचे जवाई? मंग इतके दिवस सांगितलं काहून नाही, भाऊ?"

मी म्हटलं, राहून गेलं.

दाईचं घर टपरीमागच्या गल्लीत होतं. बाजेवर एवढीशी म्हातारी, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. सासूबाईंनी हात हातात घेतला, तिनं बोटं चाचपली आणि विचारलं, "बाई, सायकल आणली काय वं?"

"आणली," सासूबाई म्हणाल्या. "जवाई चालवते आता."

म्हातारीला ती पाहायचीच होती. मी सायकल आत नेली, बाजेला टेकवली. तिनं दांडा चाचपला, सीट चाचपली, मागच्या चाकावर हात फिरवत राहिली. मी म्हटलं, "आजी, लय हलकी आहे, उचलून पाहा."

"हलकी तं आहे बाप्पा," ती म्हणाली. "पण डबा कुठं बसते?"

बायको हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हातारीच्या उशाशी बसल्या आणि कुठल्या घरची कोण आहे, कोण गेलं, कोणाला नातवंड झालं, असं दोघींचं सुरू झालं. मी आणि बायको बाहेर ओट्यावर बसलो. आतून बराच वेळ आवाज येत होता, मग थांबला. डोकावलो तर म्हातारी झोपली होती आणि सासूबाई तिचा हात तसाच धरून भिंतीकडे पाहत होत्या.

परतताना मी सायकल गाडीमागे बांधली. पाय दुखत होता, असं कारण दिलं. हायवेवरच्या ढाब्यावर झुणका-भाकर मागवली. सासूबाईंनी अर्धी भाकर खाल्ली आणि विचारलं, "पुढच्या रविवारी कोणता रस्ता?"

"तोच."

"मंग मीबी येते. तिची नखं लय वाढली आहेत. तिच्या सुनेले वेळ नाही भेटत."

त्या हिवाळ्यात आम्ही पाच रविवार गेलो. मी मनसरहून निघायचो, त्या बायकोसोबत गाडीतून पुढे. मी घामाघूम होऊन ओट्यावर पोचेपर्यंत म्हातारीची नखं कापून, केसांना तेल लावून, वेणी घालून झालेली असायची.